स्पेशल एडचा पैसा येतो कुठून आणि मुरतो कुठे? (न्यू जर्सी आणि बाकी स्टेट्स)

खिडकीतली_मी | ९ मार्च २०२५

मागच्या आठवड्यात आयुष्यात पहिल्यांदा स्कूल बोर्डाच्या मीटिंगला गेले. गाव सांगत नाही, सेंट्रल जर्सीतलं आहे, आपली बरीच मंडळी आहेत एवढं पुरे. सुपरिंटेंडंटनी बजेटच्या स्लाइड्स दाखवल्या आणि एका स्लाइडवर मोठ्ठ्या अक्षरात, यंदाचा सगळ्यात मोठा ताण म्हणजे स्पेशल एज्युकेशनचा, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी हळूच मान वळवून मागे कोण कोण बसलंय ते बघितलं. कदाचित सहजच बघितलं असेल, पण मी पर्समधलं चिकूचं चावायचं रबरी पेंडंट मुठीत घट्ट धरून बसले होते, चोरी केल्यासारखी.

चिकू आठ वर्षांचा, सेकंड ग्रेड, ऑटिझम. जनरल एडच्या म्हणजे नेहमीच्या वर्गात बसतो, सोबत वन-टू-वन एड आहे, फक्त त्याच्यासाठी असलेली मदतनीस. तिला माहितीये की फायर ड्रिलच्या दिवशी बेल वाजायच्या दोन मिनिटं आधी त्याच्या कानावर हेडफोन्स चढवायचे. ते नाही झालं तर तो दिवस गेलाच समजा. आता एप्रिलमध्ये आयईपीची (शाळेनं मुलाला काय काय द्यायचं त्याचा लेखी आराखडा) वार्षिक मीटिंग आहे आणि केस मॅनेजरचा फोन आला, की आता तो इंडिपेंडन्ससाठी तयार आहे असं आम्हाला वाटतं, शेअर्ड एडचा, म्हणजे काही मुलांत मिळून एकच एड, असा विचार करूया. बोर्ड मीटिंगनंतर बरोब्बर चार दिवसांनी तयार झाला माझा मुलगा!

प्रश्न असा की स्टेटकडून या मुलांसाठी ग्रँट येते ना? फेडरलही येते म्हणतात. मग डिस्ट्रिक्ट (गावातल्या सगळ्या शाळांचा कारभार बघणारं) रडतं का? कोणाला नीट माहिती असेल तर सांगा, मला ते पीडीएफ उघडलं की झोप येते.

टर्नपाईकवासी | ९ मार्च

वाचतोय. आमच्याकडेही सेम स्लाइड होती, फक्त रंग वेगळा.

हिशेबनीस | १० मार्च

ताई, मी डिस्ट्रिक्टमध्ये नाही, पण पोटापाण्याचा धंदा अकाउंटिंगचा आणि घरात एक आयईपी आहे, त्यामुळे ते झोप आणणारं पीडीएफ मी दरवर्षी वाचतो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

(अवांतर: मराठीत लिहिताना पंचाईत अशी की स्पेशल एड, स्टेट एड आणि वर्गातली एड, तिन्ही सारखेच दिसतात. मी वर्गातल्या एडला पॅरा म्हणतो आणि स्टेटच्या पैशाला मदत.)

आधी फेडरलचं. १९७५ साली प्रेसिडेंट फोर्डनी सही केलेला दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा, त्याचंच १९९० पासून नाव आयडिया. त्यात वॉशिंग्टननं म्हटलं होतं की देशात एका मुलावर शाळा सरासरी जेवढा खर्च करते त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत आम्ही देऊ. पन्नास वर्षं होत आली, आकडा १५ टक्क्यांच्याही आतच आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. उरलेलं स्टेट आणि गाव यांनी बघायचं. कायद्याचा आदेश मात्र शंभर टक्के.

आता जर्सी. २००८ चा स्कूल फंडिंग रिफॉर्म अ‍ॅक्ट, एसएफआरए. त्यात स्पेशल एडची मदत सेन्सस पद्धतीनं काढतात. म्हणजे तुमच्या गावात खरंच किती मुलांचे आयईपी आहेत हे बघतच नाहीत. एकूण पटसंख्या घ्यायची, त्याला राज्यभरातली सरासरी टक्केवारी लावायची, त्याला ठरलेल्या सरासरी खर्चानं गुणायचं, झालं. त्यातला एक तृतीयांश भाग सगळ्या गावांना सरसकट मिळतो आणि दोन तृतीयांश अ‍ॅडिक्वसी बजेटमध्ये (गावाला शाळांसाठी पुरेसा म्हणून फॉर्म्युल्यानं काढलेला खर्च) मिसळतो, म्हणजे गाव श्रीमंत दिसलं की तो भाग तुमचा तुम्ही प्रॉपर्टी टॅक्समधून काढा. आता आपल्या गावांचं काय होतं, चांगला प्रोग्रॅम आहे असं कळलं की अशी मुलं असलेली कुटुंबं मुद्दाम तिथे घर घेतात (आम्ही घेतलं!), मग खरी टक्केवारी सरासरीच्या वर जाते आणि मदत मात्र सरासरीचीच.

यंदा गंमत अशी की गव्हर्नर मर्फींनी फेब्रुवारीअखेर जे बजेट मांडलं त्यात ही सेन्सस पद्धत सोडून खरी मुलं मोजायचा प्रस्ताव आहे. शिवाय कुठल्याही डिस्ट्रिक्टची मदत ३ टक्क्यांहून जास्त कापायची नाही आणि ६ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. जूनअखेर पास होईल तेव्हा खरं.

दुसरी वाट म्हणजे एक्स्ट्रॉऑर्डिनरी एड, बोलीभाषेत एक्सएड. ही एकेका मुलाच्या नावानं मागायची. मूल गावातल्याच शाळेत, बाकीच्या मुलांबरोबर शिकत असेल आणि त्याच्यावरचा थेट खर्च ४०,००० डॉलरच्या वर गेला, तर वरच्या रकमेच्या ९० टक्के. वेगळ्या पब्लिक प्रोग्रॅममध्ये असेल तर ७५ टक्के. प्रायव्हेट स्पेशल स्कूलमध्ये पाठवलं तर ५५,००० च्या वरच्या ट्यूशनचे ७५ टक्के. समजा चिकूचा पॅरा, स्पीच थेरपी, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी सगळं धरून ७०,००० झाले, तर ३०,००० चे ९० टक्के, म्हणजे कागदावर २७,०००. कागदावर म्हणायचं कारण, विधिमंडळ एक ठराविक रक्कम मंजूर करतं, अर्ज त्याहून जास्त येतात, मग सगळ्यांना त्या प्रमाणात कात्री. शिवाय खर्च आधी करायचा आणि पैसे वर्ष संपताना. वरातीमागून घोडं.

म्हणून डिस्ट्रिक्ट रडतं. रडणं खोटं नाहीये. पण त्यांचं रडणं ही तुमच्या आयईपी मीटिंगमधली गोष्ट नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

खिडकीतली_मी | १० मार्च

बाप रे. दोनदा वाचलं. म्हणजे चिकूच्या नावानं त्यांनी अर्ज केला असेल का हे मी विचारू शकते?

हिशेबनीस | १० मार्च

विचारा की. बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला ईमेल टाका, केस मॅनेजरला नको, तिला बिचारीला माहीत नसतं.

अण्णा_एडिसनकर | ११ मार्च

मी १९९१ पासून इथे राहतो. दोन्ही मुलं इथल्याच शाळेतून शिकून गेली, आता घरात मी आणि बायको. प्रॉपर्टी टॅक्स १४ हजारांवर गेलाय आणि पेन्शन आहे तिथेच. कुणाच्याही लेकराबद्दल वाईट बोलत नाही, पण एका व्हॅनमध्ये एक मूल, एक ड्रायव्हर, एक अटेंडंट असं रोज पन्नास मैल जाऊन येतं हे मी सकाळी फिरायला जातो तेव्हा बघतो. याचा हिशोब कुणी मागायचाच नाही का? मागितला की लगेच आम्ही निर्दयी. बोर्डाला विचारलं की उत्तर ठरलेलं, कायद्यानं द्यावंच लागतं.

बॉस्टनची_थंडी | ११ मार्च

अण्णा, त्या व्हॅनमधल्या मुलाची आई सकाळी पावणेसातला दारात काय करत असते ते पण कधीतरी बघा.

हिशेबनीस | ११ मार्च

थांबा थांबा, अण्णांचा प्रश्न रास्त आहे. २०१० पासून जर्सीत टॅक्स लेव्हीवर, म्हणजे गावानं गोळा करायच्या एकूण प्रॉपर्टी टॅक्सच्या वाढीवर, २ टक्क्यांची कॅप आहे. सूट आहे ती हेल्थ इन्शुरन्स, कर्जाचे हप्ते असल्या गोष्टींना. स्पेशल एडचा खर्च १० टक्क्यांनी वाढला म्हणून कॅप काही वाढत नाही. त्यात २०१८ च्या एस-टू कायद्यानं काही गावांची मदत सात वर्षं टप्प्याटप्प्यानं कमी केली. मग आयईपीत लिहिलेलं कापता येत नाही, म्हणून कुठे कात्री लागते? लायब्ररीयन, बँड, मिडल स्कूलची लेट बस. आणि लोकांना दिसतं काय, की यांच्यामुळे आमच्या पोरांचा बँड गेला. आईबापांना एकमेकांशी झुंजवून स्टेट आपलं बाजूला.

अण्णा_एडिसनकर | ११ मार्च

हे मात्र खरं आहे. बँड गेला तेव्हा मी स्वतः बोललो होतो मीटिंगमध्ये.

एक सांगतो, डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर यूझर-फ्रेंडली बजेट नावाचं एक पान टाकावंच लागतं. त्यात ट्यूशनची ओळ बघा. बाहेरच्या शाळांना आपण किती देतो ते तिथे आहे. मी गेली बरीच वर्षं तीच ओळ बघतोय. गावातच चांगला वर्ग काढला असता तर त्यातली किती मुलं इथेच राहिली असती हा माझा प्रश्न आहे, मुलांना देऊ नका असं मी म्हटलेलं नाही.

बॉस्टनची_थंडी | १२ मार्च

मग मी माझे शब्द मागे घेते अण्णा.

आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये याला सर्किट ब्रेकर म्हणतात. एका मुलाचा खर्च राज्याच्या सरासरी फाउंडेशन खर्चाच्या (एका मुलामागे राज्यानं धरलेला पायाभूत खर्च) चौपटीच्या वर गेला की वरच्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत स्टेट भरतं. २०१९ च्या कायद्यानंतर व्हॅनचा खर्चही त्यात टप्प्याटप्प्यानं धरायला लागलेत. आमच्याकडे फेडरलच्या आधी, १९७२ सालीच स्पेशल एडचा कायदा झाला होता, त्याचा इथल्या लोकांना फार अभिमान. तरी टाउन मीटिंगमध्ये बोंब तीच.

बेएरियातला_बंड्या | १२ मार्च

कॅलिफोर्नियातून हजर. आमच्याकडे १९९७ चा एबी ६०२. इथेही आयईपी असलेली मुलं मोजत नाहीत, एकूण हजेरीवर पैसे, आणि तेही थेट डिस्ट्रिक्टला नाही, सेल्पा नावाच्या प्रकाराला. म्हणजे आजूबाजूची डिस्ट्रिक्ट्स मिळून एक भिशी समजा, मोठं डिस्ट्रिक्ट असेल तर एकट्याची सेल्पा. हजेरी वर्षानुवर्षं पडत गेली, की स्पेशल एडचे पैसे पण पडले. आणि कमी पडलेले पैसे जनरल फंडातून भरले की त्याला पूर्वी एन्क्रोचमेंट म्हणायचे. अतिक्रमण! माझ्या मुलीचं स्पीच म्हणजे फुटपाथवरची टपरी झाली की. आता कॉन्ट्रिब्युशन म्हणतात, पण मीटिंगमध्ये जुने लोक अजून तोच शब्द वापरतात.

खरी मुलं मोजण्याबद्दल मात्र एक शंका. डोकी मोजून पैसे मिळाले तर शाळा उगाच जास्त मुलांवर लेबल लावतील ना? सेन्सस आणलं ते याच भीतीनं.

केटीकर | १३ मार्च

बंड्या, उलटं काय होतं ते आम्ही टेक्सासवाल्यांनी भोगलंय. २००४ मध्ये इथल्या एज्युकेशन एजन्सीनं ठरवलं की डिस्ट्रिक्टमध्ये ८.५ टक्क्यांपेक्षा जास्त मुलं स्पेशल एडमध्ये असतील तर मार्क कापणार. देशाची सरासरी त्याच्या कितीतरी वर होती. कुठे जाहीर लिहिलं नाही, नुसता एक निकष. २०१६ मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकलनं ते बाहेर काढलं, २०१७ मध्ये तो निकष कायद्यानं रद्द झाला आणि २०१८ च्या जानेवारीत फेडरल खात्यानंही म्हटलं की टेक्सासनं कायदा मोडला.

माझा मोठा त्याच काळातला. पहिलीपासून बी आणि डी उलटसुलट, ओळ वाचताना बोट ठेवायचा आणि बोट पुढे, डोळे मागे. शाळा म्हणायची घरी दोन भाषा आहेत म्हणून होतं, मराठी बंद करा. तीन वर्षं भिजत घोंगडं. आम्ही मराठी खरंच बंद केली हो. आजी फोनवर बोलायची आणि हा नुसता ओके ओके. नंतर बाहेर स्वतःच्या पैशानं टेस्ट केली तर डिस्लेक्सिया निघाला, मराठीचा काही संबंधच नव्हता. तो आता सोळा वर्षांचा आहे, वाचतो छान, आजी गेली.

त्यामुळे चार मुलांना जास्तीचं लेबल लागलं तरी चालेल असं माझं मत झालंय. त्यावर वाद घालायची मला ताकद नाही.

बेएरियातला_बंड्या | १३ मार्च

नाही घालत वाद. मुलीशी आज मराठीतूनच बोललो.

नाशिकची_मास्तरीण | १४ मार्च

तुमचे डॉलरचे आकडे वाचून गरगरलं. मी इकडे विशेष शिक्षिका आहे, कंत्राटी. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषात दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये. वर्षाला, बरं का. मुलींना महिन्याला २०० रुपये विद्यावेतन, तेही दहा महिने. साहित्य, उपकरणं, शिबिरं सगळं असल्या पैशात. मी एका शाळेची नाही, केंद्रातल्या सगळ्या शाळांची, त्यामुळे एका शाळेत आठवड्यातून एकदा पोचले तरी भाग्य. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवा म्हणून सांगितलं, २०२२ मध्ये केंद्र सरकारनं प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि पुढे पंधरांमागे एक असं प्रमाण काढलं, आणि आत्ता ७ मार्चला कोर्टानं परत सगळ्या राज्यांना सांगितलंय की पदं मंजूर करून जाहीर करा. आम्ही सगळे त्या आदेशाची पीडीएफ ग्रुपवर फिरवतोय, एका मॅडमनी तर देवापुढे ठेवलीय.

तुमच्याशी तुलना करायला आले नाही. पण एक गोष्ट बघून हेवा वाटला. तुमच्याकडे मुलाचा कागद असतो ज्यात अमुक मिनिटं स्पीच असं लिहिलेलं असतं आणि ते दिलं नाही तर भांडता येतं. माझ्याकडे मुलाच्या नावापुढे यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीत, एक टिक असते.

हिशेबनीस | १४ मार्च

मास्तरीणबाई, सगळा मुद्दा त्या कागदाचाच आहे. १९९९ मध्ये आयोवातल्या सीडर रॅपिड्सची केस सुप्रीम कोर्टात गेली होती. व्हेंटिलेटरवरचा मुलगा, दिवसभर नर्सिंग लागायचं, डिस्ट्रिक्ट म्हणालं परवडत नाही. कोर्टानं सांगितलं द्यावं लागेल. आणि २०१७ च्या एंड्रू एफ. केसमध्ये सांगितलं की नावापुरती प्रगती चालणार नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी हवी. त्यामुळे आता आयईपी मीटिंगमध्ये पैसे नाहीत असं कोणी म्हणत नाही. मुलगा इंडिपेंडन्ससाठी तयार आहे, असं म्हणतात.

ताई, तुम्हाला हे करायचंय: लेखी डेटा मागा. पॅरा दिवसातून किती वेळा मदत करते, कुठल्या तासाला, सूचना न देता तो किती वेळा स्वतःहून करतो. डेटा नसेल तर तयार आहे हे कशावरून? मीटिंगमध्ये सही करू नका, घरी आणा. नवा आयईपी लेखी हातात पडल्यापासून १५ दिवस असतात, त्यात मीडिएशन (मध्यस्थी) किंवा ड्यू प्रोसेस (रीतसर सुनावणी) मागितलं तर वाद मिटेपर्यंत जुनाच आयईपी चालतो. तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा, सोळाव्या दिवशी कोणी ऐकत नाही. आणि जर्सीत ड्यू प्रोसेसमध्ये सिद्ध करायची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर आहे, तुमच्यावर नाही. हे बऱ्याच स्टेट्समध्ये नाही.

टर्नपाईकवासी | १५ मार्च

मध्येच विचारतो. शाळेतून सेमी नावाचा फॉर्म आलाय, मेडिकेडला (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) बिल करायची परवानगी द्या म्हणतात. आमचं ग्रीन कार्ड पेंडिंग, मेडिकेड शब्द बघून बायकोनं फॉर्म फ्रिजवरून काढून कपाटात कुलपात ठेवलाय.

हिशेबनीस | १५ मार्च

हाहा. स्पेशल एडचा तो मेडिकेड इनिशिएटिव्ह. मूल मेडिकेडला पात्र असेल तर शाळेत दिलेल्या थेरपीचे काही पैसे फेडरलकडून परत मिळतात, नसेल तर बिलच जात नाही. २०१९ चा पब्लिक चार्जचा (सरकारी मदतीवर अवलंबून राहाल म्हणून ग्रीन कार्ड नाकारण्याचा) नियम सगळ्यात कडक होता, त्यातसुद्धा आयडियाखाली शाळेत मिळणाऱ्या सेवा मोजत नव्हते. तरी तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाका, मी वकील नाही. आणि सही नाही केली तरी मुलाची एकही मिनिट थेरपी कमी करता येत नाही.

खिडकीतली_मी | १५ मार्च

अण्णांनी सांगितलेली ती ट्यूशनची ओळ सापडली. आकडा बघून मलाच घाम फुटला. पुढच्या मीटिंगला मी बोलणार आहे. तीन मिनिटं देतात.

खिडकीतली_मी | ६ जुलै २०२५

धागा वर काढतेय, अपडेट राहिला होता.

बोर्ड मीटिंगला बोलले. आवाज थरथरत होता, मागचा टायमर लाल झाला तेव्हा अर्धंच झालं होतं. खर्च कापा किंवा कापू नका यातलं काहीच बोलले नाही, एवढंच विचारलं की किती मुलांसाठी एक्सएडचा अर्ज केला, आणि गावातल्या गावात वर्ग सुरू करायला काय लागेल याचा हिशोब केलाय का. उत्तर आलं, बघून सांगतो. आठवड्यानं बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा खरंच ईमेल आला. चिकूच्या नावानं अर्ज केलेला नव्हता. स्पीच आणि ओटी त्याच्या खर्चात धरलेच नव्हते, म्हणून ४०,००० च्या खाली दिसत होता. मुद्दाम केलं असं मला वाटत नाही, एकाच बाईकडे सगळं काम आहे.

आयईपीत डेटा मागितला तर नव्हता. मग मे आणि जूनमध्ये गोळा केला. खरं सांगायचं तर त्यात थोडं मला नको होतं तेही निघालं, गणिताच्या तासाला त्याला पॅराची गरज जवळजवळ लागतच नाही. लंच, जिम आणि फायर ड्रिलला लागतेच. म्हणून सप्टेंबरपासून गणिताला शेअर्ड, बाकी वन-टू-वन, नोव्हेंबरमध्ये परत बघायचं. मी भांडायला गेले होते आणि अर्धं त्यांचं बरोबर निघालं. दोन दिवस मला याचाच राग येत होता.

३० जूनला स्टेटचं बजेट सही झालं. आमच्या डिस्ट्रिक्टची मदत थोडी वाढली, बँड परत आला नाही.

आणखी एक, प्रत्येक डिस्ट्रिक्टला सेपॅग म्हणजे पालकांचा सल्लागार गट ठेवावाच लागतो, हे मला आठ वर्षात कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे कागदावर होता. आता चार जणी आहोत, त्यातली एक मी. पहिली मीटिंग सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी, सात वाजता, हायस्कूलच्या लायब्ररीत. गाव ओळखलं असेल तर या.

केटीकर | ६ जुलै

गणिताला पॅरा लागत नाही!! पेढे कुठेत?

अण्णा_एडिसनकर | ७ जुलै

गाव मी मार्चमध्येच ओळखलं होतं. येतो. पार्किंग मागच्या बाजूला करा, त्या दिवशी व्हॉलीबॉलची मॅच असते, पुढचं सहालाच भरतं.